जास्त वेळ ऑनलाइन असणारे सरकारवर जास्त नाराज दिसले. मग ते सोशल मीडियामुळेच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अभ्यास प्रकल्पासाठी तुम्ही गुगल फॉर्म फिरवून ४०० जणांकडून उत्तरं मिळवलीत. दिवसाला तीन तासांहून जास्त सोशल मीडिया वापरणारे १६० निघाले. त्यांतले ९६, म्हणजे ६० टक्के, सरकारच्या कामावर नाराज आहेत. उरलेल्या २४० जणांत नाराज १०८, म्हणजे ४५ टक्के. फरक १५ टक्क्यांचा. तेव्हा 'सोशल मीडियामुळे सरकारविषयीची नाराजी वाढते' असा निष्कर्ष लिहिला तर चालेल का, आणि चालणार नसेल तर आता काय करता येईल?

आहे त्या स्थितीत चालणार नाही. सगळी भानगड 'मुळे' या एका शब्दयोगी अव्ययात आहे. ते काढलं तर तुमच्याकडे लिहिण्यासारखं बरंच उरतं. ठेवायचं असेल, तर त्यासाठी वेगळ्या प्रकारचा पुरावा लागतो. मतं मोजणाऱ्यांचा निम्मा वेळ या एका शब्दाशी झगडण्यातच जातो, त्यामुळे ही चूक फक्त तुमची आहे असं समजू नका. रोजच्या बातम्यांतले मथळेही हेच करतात.

आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू. हा फरक तीन वाटांनी तयार होऊ शकतो. सोशल मीडिया पाहून लोक नाराज झाले, ही पहिली वाट. दुसरी अगदी उलटी: आधीच नाराज असलेले लोक बातम्या, वाद आणि समदुःखी शोधायला ऑनलाइन जास्त वेळ बसतात. तिसरी वाट बहुतेक जण विसरतात. वापर आणि नाराजी दोन्ही वाढवणारी एखादी वेगळीच गोष्ट मागे असते: वय, बेरोजगारी, शहरातलं राहणं, शिक्षण.

वयाचं उदाहरण आकडे घालून करून बघा. तुमच्या प्रतिसादकांची वयं मला माहीत नाहीत, म्हणून हे आकडे मानलेले आहेत, पण बेरजा तुमच्याच आहेत. समजा ४०० पैकी १८० जण पस्तिशीच्या आतले आहेत. त्यांतले १२० जास्त वापरणारे आणि ६० कमी वापरणारे. जास्तवाल्यांत ८० नाराज, कमीवाल्यांत ४०. म्हणजे दोन्हीकडे तीनांतले दोन, फरक शून्य. पस्तिशीपुढचे २२०. त्यांत जास्त वापरणारे ४०, पैकी १६ नाराज, म्हणजे ४० टक्के. कमी वापरणारे १८०, पैकी ६८ नाराज, म्हणजे जेमतेम ३८ टक्के. आता बेरीज करा. जास्त वापरणाऱ्यांत ८० आणि १६ मिळून ९६. कमी वापरणाऱ्यांत ४० आणि ६८ मिळून १०८. तंतोतंत तुमचेच आकडे आले, आणि तरी सोशल मीडियाचा परिणाम जवळपास काहीच नाही! तरुण मंडळी जास्त नाराज आहेत आणि तीच जास्त ऑनलाइन आहेत, एवढाच अर्थ उरला.

प्रत्यक्षात तुमचा फरक इतका पूर्ण विरघळेलच असं नाही. पण वयानुसार दोन तक्ते पाडल्याशिवाय तो टिकतो की विरघळतो हे कुणालाच सांगता येणार नाही. फॉर्ममध्ये वय विचारलं असेल तर हे काम अर्ध्या तासाचं आहे. नसेल विचारलं, तर ती या सर्वेक्षणातली सगळ्यात महागडी चूक समजा.

आणखी एक हिशेब. १६० आणि २४० इतक्या लोकांवरून काढलेला १५ टक्क्यांचा फरक म्हणजे नेमका १५ नव्हे. नमुना अगदी चिठ्ठ्या टाकून निवडला असता तरी खरा फरक ५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकला असता. आणि तुमचा नमुना चिठ्ठ्या टाकून निवडलेला नाही. लिंक ओळखीच्या ग्रुपांत फिरली, तिथून पुढे फॉरवर्ड झाली. राजकारणात ज्यांना रस आहे त्यांनी ती उघडली, बाकीच्यांनी सोडून दिली. शिवाय इंटरनेट न वापरणारा एकही माणूस तुमच्या ४०० जणांत नाही. त्यामुळे 'इतका टक्के अधिक-उणे' असं अहवालात लिहूच नका. तो हिशेब अशा नमुन्याला लागू होत नाही.

मग 'मुळे' सिद्ध कसं करतात? लोकांनी स्वतःहून न निवडलेला इंटरनेट शोधावा लागतो. म्हणजे एखाद्याला तो मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही, आणि या फरकाचं कारण त्यांच्या राजकीय मताशी बिलकुल निगडित नाही, अशी परिस्थिती. ती सापडवण्यासाठी संशोधकांनी ज्या वस्तू वापरल्या आहेत त्या बघण्यासारख्या आहेत.

जर्मनीत त्यासाठी टेलिफोनची तार कामाला आली. डीएसएल इंटरनेट जुन्या तांब्याच्या तारेवरून येतो, आणि मुख्य जोडणी केंद्रापासून साधारण ४,२०० मीटरच्या पुढे तो नीट चालत नाही. ही केंद्रं कुठे बांधायची हे इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं. त्यामुळे ४,१०० मीटरवरच्या गावाला इंटरनेट मिळाला आणि ४,३०० मीटरवरच्या गावाला मिळाला नाही, यात दोन्ही गावांच्या राजकारणाचा काही हात नव्हता. फाल्क, गोल्ड आणि हेब्लिख या तिघांनी अशा गावांची तुलना करून २०१४ साली निष्कर्ष मांडला: इंटरनेट आला तिथे मतदान घटलं. मतं भडकली म्हणून नव्हे. लोक टीव्हीपासून दूर गेले, टीव्हीसोबत आपसूक कानावर पडणाऱ्या बातम्याही सुटल्या, आणि इंटरनेटवर त्यांनी मुख्यतः करमणूक निवडली. सरकारविषयी मत बिघडण्याऐवजी सरकारचा विचारच मागे पडतो, हा परिणाम आपल्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही.

मोबाइलच्या बाबतीत मदतीला आली आकाशातली वीज. जिथे विजा जास्त पडतात तिथे टॉवरची उपकरणं वारंवार जळतात, सेवा देण्याचा खर्च वाढतो आणि जाळं हळू पसरतं. गुरिएव, मेलनिकोव आणि झुराव्स्काया यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी या विषयात पायाचा मानतो. ११६ देशांतले २,२३२ प्रदेश, २००८ ते २०१७ हा काळ आणि गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या सर्वेक्षणांतली ८ लाख ४० हजारांवर माणसं. मुख्य तुलना त्याच त्या प्रदेशाची, थ्रीजी येण्याआधीची आणि नंतरची. विजांचा आधार त्या निष्कर्षाची उलटतपासणी करण्यासाठी. सरासरी उत्तर निघालं ते तुमच्या अंदाजाच्या बाजूचं आहे: मोबाइल इंटरनेट पसरला तसं सरकारविषयीचं समाधान घटलं.

पण खरा मजकूर सरासरीच्या पुढे आहे. जिथे इंटरनेटवर सेन्सॉरशिप होती तिथे हा परिणाम दिसलाच नाही. जिथे इंटरनेट मोकळा पण वर्तमानपत्रं आणि टीव्ही दाबलेले होते, तिथे तो सगळ्यात जोरदार होता. पनामा पेपर्ससारखी (बड्या लोकांच्या परदेशातल्या छुप्या कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं) प्रकरणं बाहेर आली तेव्हा 'सरकारात भ्रष्टाचार आहे' ही भावना थ्रीजी असलेल्या भागांत जास्त वाढली. म्हणजे नाराजीचा एक मोठा वाटा हा भ्रम नव्हता. जे आधीपासून होतं ते दिसू लागलं होतं. युरोपात याचा मतपेटीवरचा परिणामही त्यांनी तपासला. सत्ताधारी पक्षांची मतं घटली, पण ती सगळ्या विरोधकांना मिळाली नाहीत. प्रस्थापितांविरुद्ध बोलणाऱ्या लोकानुनयी पक्षांना मिळाली. इतर विरोधी पक्ष होते तिथेच राहिले.

इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा. 'नाराजी वाढली' हे वाक्य लिहिताना तुमच्या मनात ती वाईट गोष्ट म्हणून आहे का? बहुतेकांच्या मनात असते. पण लोकांना खरी माहिती मिळाली आणि त्यांचं मत खाली आलं, तर ते मत सुधारलं असं म्हणायला हवं. खोट्या माहितीने खाली आलं तर गोष्ट वेगळी. तुमच्या सर्वेक्षणात या दोन्ही नाराजींचा आकडा एकच दिसतो.

उलट दिशेचे पुरावेही आहेत, आणि ते सोडून दिलेत तर परीक्षक नेमकं त्यावरच बोट ठेवतील. रशियात २०११ च्या अखेरीस निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध निदर्शनं झाली. व्हीकॉन्टाक्टे हे तिथलं समाजमाध्यम ज्या शहरांत जास्त पसरलं होतं, तिथे निदर्शनं जास्त झाली. एनिकोलोपोव, मकारिन आणि पेत्रोवा यांच्या हिशेबाप्रमाणे वापरकर्ते १० टक्क्यांनी वाढले की निदर्शन होण्याची शक्यता ४.६ टक्के-अंकांनी वाढत होती. ऐकल्यावर वाटतं की तिथली माणसं सरकारविरोधी झाली असणार. तपासलं तेव्हा उलटच दिसलं, त्या शहरांत सरकारला असलेला पाठिंबा थोडा वाढलेला होता. म्हणजे मतं फिरली म्हणून लोक रस्त्यावर आले नाहीत. 'किती वाजता, कुठे जमायचं' हे कळणं सोपं झालं म्हणून आले. गर्दी हे लोकमताचं माप नाही, हे त्यातून निघतं. गर्दी जमवण्याच्या खर्चाचं ते माप आहे.

चीनमधला प्रयोग तर नुसत्या 'उपलब्धते'वरचा विश्वासच उडवतो. चेन आणि यांग यांनी बीजिंगमधल्या सुमारे १,८०० विद्यार्थ्यांना घेऊन, त्यांतल्या अनेकांना परदेशी संकेतस्थळांवरची सरकारी बंदी ओलांडणारं साधन फुकट देऊन, १८ महिने पाहणी केली. नुसतं साधन हातात आल्याने जवळपास काहीच बदललं नाही, बहुतेकांनी परदेशी बातम्या उघडल्याच नाहीत. ज्यांना काही काळ त्या बातम्या वाचायला प्रोत्साहन दिलं, त्यांना मात्र पुढे गोडी लागली. प्रोत्साहन थांबल्यावरही ते वाचत राहिले, आणि सरकारवरचा त्यांचा विश्वास कमी झाला. तेव्हा 'इंटरनेट आहे का' आणि 'किती तास' या दोन्ही प्रश्नांपेक्षा 'त्यावर काय पाहता' हा प्रश्न जास्त वजनाचा. तुमच्या फॉर्ममध्ये नेमका तोच नाही.

सरकारंही हातावर हात ठेवून बसत नाहीत. किंग, पॅन आणि रॉबर्ट्स यांनी २०१७ साली अंदाज काढला की चीनमध्ये सरकारच्या वतीने वर्षाला सुमारे ४४ कोटी ८० लाख पोस्ट टाकल्या जातात. गंमत अशी की त्या टीकाकारांशी वाद घालतच नाहीत. देशाचं गुणगान, जुन्या आठवणी, सणावाराचे संदेश असं काहीतरी ओतून विषय बदलतात. ही युक्ती फक्त त्याच देशात चालते असं समजायचं कारण नाही, पण इतरांचा इतका काटेकोर हिशेब माझ्या पाहण्यात नाही. म्हणून अहवालात ओढूनताणून तुलना करू नका.

आता फीडबद्दल, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेबद्दल. कुठली पोस्ट पुढे जाते याचे ठोस निष्कर्ष आहेत. ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली पाच लाखांवर ट्वीट तपासली. नीती आणि भावना दोन्ही असलेला एकेक शब्द, म्हणजे 'लाज', 'विश्वासघात' या जातीचा, ट्वीटमध्ये वाढला की तिचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढत होता. आता सरकारच्या एखाद्या निर्णयावरच्या दोन पोस्ट मनात आणा. एकीत लिहिलंय, 'या योजनेचा निधी तीन टप्प्यांत मिळणार आहे, दुसरा टप्पा रखडला आहे.' दुसरीत, 'गरिबांच्या तोंडचा घास पळवणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही!' माहिती पहिलीत आहे, पण पुढे जाते दुसरी. सरकारच्या समर्थकांच्या पोस्टनाही हाच नियम लागतो. तिथे 'विश्वासघात' विरोधकांचा असतो, इतकंच.

यावरून 'अल्गोरिदम माणसाचं मत फिरवतो' अशी उडी मात्र मारू नका, तिथे पुरावा अडखळतो. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीच्या वेळी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या हजारो लोकांचं फीड तीन महिने बदलून ठेवलं होतं. अल्गोरिदमने निवडलेल्या पोस्टऐवजी नुसत्या ताज्या पोस्ट आधी. लोकांचा तिथला वेळ घटला, पण राजकीय मतांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात २३ हजारांवर लोकांच्या फीडमधून आपल्याच मताच्या मंडळींचा मजकूर सुमारे एक-तृतीयांशाने कमी केला. तरी मतं हलली नाहीत. तीन महिने हा काळ लहान आहे आणि निवडणुकीच्या तोंडावर मतं घट्ट झालेली असतात, हे खरं. पण या प्रयोगांतून निघालं ते एवढंच.

अकाउंट पूर्ण बंद केलं तर? ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली अमेरिकेतल्या (अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर ठरल्याप्रमाणे होणाऱ्या) मध्यावधी निवडणुकांआधी लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायचे १०२ डॉलर दिले. राजकीय ध्रुवीकरण थोडं कमी झालं, मनाला बरं वाटलं, आणि बातम्यांचं ज्ञानही कमी झालं. फायदा आणि तोटा एकाच पुडीत. पुढच्याच वर्षी बोस्नियात तसाच प्रयोग झाला, तेव्हा फेसबुक बंद ठेवणाऱ्यांचं दुसऱ्या वांशिक गटांविषयीचं मत सुधारण्याऐवजी थोडं खालावलं. ज्यांच्या आजूबाजूला सगळे आपल्याच गटाचे होते त्यांच्यात हे जास्त दिसलं. ऑफलाइन जग ऑनलाइनपेक्षा खुलं असेल, असं आपण उगीचच धरून चालतो.

म्हणून 'परिणाम होतो का' या प्रश्नाचं माझं उत्तर अटींसकट आहे. इंटरनेटवर नियंत्रण किती, बाकीची माध्यमं मोकळी आहेत का, सरकारकडे लपवण्यासारखं काही आहे का, माणूस बातम्या पाहतो की करमणूक, आणि त्याची राजकीय निष्ठा आधीच पक्की आहे का, यांवर दिशा ठरते. जिथे आधी काही दिसत नव्हतं तिथे परिणाम मोठा. जिथे सगळं दिसत होतं आणि लोक आधीच दोन तटांत उभे होते, तिथे एखाद्या फीडचा परिणाम सापडणं कठीण.

एक सावधगिरी, कारण प्रश्नात तुम्ही 'कमेंट वाचल्या तरी नाराजी कळते' असं लिहिलंय. नाही कळत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांची मोजणी केली, तेव्हा ८० टक्के ट्वीट १० टक्के लोकांच्या निघाल्या. बाकीचे वाचून गप्प असतात. शिवाय सरकारविषयीच्या विषयावर लोक जपून बोलतात. याच संस्थेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरकारी पाळतीचा मुद्दा समोरासमोर बोलायला ८६ टक्के तयार होते, फेसबुक-ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे मांडायला ४२ टक्के. तेही जिथे बोलल्याबद्दल सहसा कुणी पकडून नेत नाही अशा देशात.

आता दुरुस्तीकडे. फॉर्म पुन्हा फिरवायला वेळ असेल तर सगळ्यात आधी 'सरकार' हा शब्द फोडा. राज्यशास्त्रात डेव्हिड ईस्टन यांनी १९६०-७० च्या दशकांत केलेली विभागणी आजही कामाची आहे: सत्तेवर बसलेल्यांच्या कामाविषयीचं समाधान वेगळं आणि व्यवस्थेवरचा विश्वास वेगळा. चार प्रश्न करा. सरकारप्रमुखांचं काम, सरकारची कामगिरी, न्यायालय आणि निवडणूक यंत्रणेसारख्या संस्थांवरचा विश्वास, आणि एकूण लोकशाही पद्धतीविषयी मत. पहिल्या दोघांत घट आणि शेवटचं जागेवर असेल, तर ती साधी राजकीय नाराजी आहे. शेवटचंही घसरत असेल तर प्रकरण गंभीर. तुमच्या एका प्रश्नातून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

प्रश्नाची भाषा दोन्ही बाजूंना समान हवी. 'सरकार चांगलं काम करत आहे हे तुम्हाला मान्य आहे का?' असं विचारलं की बरेच जण नुसतं 'हो' म्हणून पुढे जातात. 'सरकारच्या कामाविषयी तुम्ही समाधानी आहात की असमाधानी?' असं विचारा आणि शून्य ते दहा असे गुण देऊ द्या. 'सांगता येत नाही' हा पर्याय वेगळा ठेवा, आणि तो कुठल्याही बाजूला मिळवू नका. (तुमच्या १०८ आणि ९६ मध्ये ही मंडळी कुठे गेली, ते एकदा तपासा. दोन्ही गटांत त्यांचं प्रमाण वेगळं असेल तर त्यानेच फरक हलू शकतो.) क्रम महत्त्वाचा: सरकारविषयीचे प्रश्न आधी, सोशल मीडियाचे नंतर. उलट केलंत तर अफवा आणि व्हायरल व्हिडिओ आठवूनच माणूस सरकारला गुण देतो.

'किती तास वापरता' याचं उत्तर लोक प्रामाणिकपणे देतात आणि तरी चुकतं. अंदाज आणि फोनमधली नोंद यांचा मेळ जेमतेमच बसतो. त्यापेक्षा फोनच्या सेटिंगमधल्या स्क्रीन टाइमवर जाऊन गेल्या सात दिवसांची रोजची सरासरी पाहून लिहायला सांगा, ॲपनिहाय. आणि तीन तासांची रेघ काढून टाका. ती तुम्ही का निवडलीत याला उत्तर नाही, आणि दोन तास पन्नास मिनिटं आणि तीन तास दहा मिनिटं यांत तरी काय फरक आहे? आकडा आकडा म्हणूनच ठेवा. त्याच्या जोडीला वापराचा प्रकार विचारा: बातम्या जाणूनबुजून शोधता की इतर काही बघताना समोर येतात, खुल्या फीडवर की ओळखीच्यांच्या बंद ग्रुपमध्ये. बंद ग्रुपमध्ये आलेली गोष्ट नात्यातल्या माणसाच्या भरवशावर खरी मानली जाते, त्यामुळे तिचा परिणाम वेगळा असू शकतो.

गेल्या निवडणुकीत मत कुणाला दिलं, सत्ताधाऱ्यांना की इतरांना, हे विचारल्याशिवाय राहू नका, मात्र उत्तर ऐच्छिक ठेवा. का, ते बघा. समजा कमी वापरणाऱ्यांत समर्थकांपैकी ७५ टक्के समाधानी आणि विरोधकांपैकी ३५ टक्के. जास्त वापरणाऱ्यांत समर्थकांपैकी ८५ आणि विरोधकांपैकी २५. दोन्ही तट सारख्या संख्येने असतील तर सरासरी दोन्हीकडे ५५ येते. सरासरी बघणारा 'काही परिणाम नाही' म्हणून मोकळा होतो, आणि इकडे दोन तटांतलं अंतर ४० वरून ६० वर गेलेलं असतं.

गुगल फॉर्मची एक छोटी अडचण. 'ईमेल पत्ते गोळा करा' हे सेटिंग चालू असेल तर सरकारविषयीची उत्तरं मवाळ होतात, कारण माणसाला आपलं नाव कुठेतरी जातंय असं वाटतं. ते बंद करा. 'एकदाच उत्तर देता येईल' हे चालू केलं तर गुगलमध्ये साइन इन करावं लागतं आणि तोच संशय येतो. बंद ठेवलं तर एकच माणूस दोनदा भरू शकतो. मी सहसा बंद ठेवायला सांगतो आणि नंतर वेळ व उत्तरं तंतोतंत जुळणाऱ्या ओळी हाताने तपासायला लावतो. सरकारविषयीच्या प्रश्नांत दुबार उत्तरांपेक्षा घाबरून दिलेली उत्तरं जास्त नुकसान करतात.

प्रयोग करायची हौस असेल तर स्वतःच्या ताकदीचा अंदाज घ्या. निम्म्यांना आठवडाभर एक ॲप बंद ठेवायला सांगायचं, निम्म्यांना नाही, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरवायचं. समाधानी लोकांच्या टक्केवारीत १० टक्क्यांचा फरक भरवशाने पकडायला प्रत्येक गटात साधारण ३९० माणसं लागतात. प्रयोगाआधी आणि नंतर तेच शून्य ते दहाचे गुण घेतलेत, तर आधीच्या उत्तराचा हिशेबात उपयोग होतो आणि जवळपास निम्म्यांत भागतं. त्याहून कमी माणसांत काही सापडलं नाही, तर 'परिणाम नाही' असं लिहू नका, 'आमच्या नमुन्यात दिसला नाही' असं लिहा. आणि हमखास बिघडणारी जागा म्हणजे गळती: ॲप सोडणं ज्यांना जमत नाही तेच ॲप बंद ठेवणाऱ्या गटातून बाहेर पडतात. त्यांना वगळून तुलना केली की गट सारखे राहत नाहीत. ते मध्येच सोडून गेले तरी शेवटचा फॉर्म भरून घ्या आणि चिठ्ठीने ज्या गटात टाकले त्याच गटात मोजा.

वेळ नसेल आणि हातातल्या ४०० उत्तरांवरच अहवाल द्यायचा असेल, तर निष्कर्षाचा मजकूर असा ठेवा: 'आमच्या ४०० प्रतिसादकांमध्ये, दिवसाला तीन तासांहून जास्त सोशल मीडिया वापरल्याचं सांगणाऱ्यांत सरकारच्या कामाविषयी नाराजीचं प्रमाण ६० टक्के आणि इतरांत ४५ टक्के आढळलं. वयोगटानुसार वेगळं पाहिल्यावर हा फरक इतका उरतो. नमुना ओळखीच्या ग्रुपांतून मिळालेला असल्याने तो सर्व नागरिकांना लागू होत नाही, आणि वापरामुळे नाराजी की नाराजीमुळे वापर, हे या पाहणीतून ठरवता येत नाही.' दुसऱ्या वाक्यातला 'इतका' भरण्यासाठी वयाचे दोन तक्ते लागतील. ९६ आणि १०८ त्यांत कसे वाटले जातात ते आधी बघा. फरक तिथेच शून्यावर आला तर अहवालाचं शीर्षकही बदलावं लागेल.